कागद कोणाच्या नावावर?



१९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं सरकारने आपल्या मूलचेरा, चामोर्शी भागात वसवली. तिथल्या म्हाताऱ्या बाईला आजही कागद मागितला, तर ती ट्रंकेतून नवऱ्याचा काढते. तिच्या नावाचा नसतोच.

आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, वेगळं न्यायालय नाही. नागरिकत्वावर शंका घेतली गेली, की ‘मी परकी नाही’ हे तिनेच सिद्ध करायचं. १९४६च्या कायद्यात असंच होतं, २०२५च्या नव्या कायद्यातही तेच आहे. जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही, अशा विधवेने काय दाखवावं?

चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितलं, की जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यांनाही आहे. २०२४ साली आसामच्या खटल्यात ते म्हणालं, नुसता संशय पुरत नाही. आधी सरकारजवळ काही आधार हवा.

हे निकाल तिच्यापर्यंत वकिलाशिवाय पोचणार नाहीत. १९८७च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तेव्हा नोटिशीची वाट पाहू नका. वस्तीत बसा, प्रत्येकीच्या स्वतःच्या नावाचा कागद शोधा. नसेल तर आजच अर्ज लिहायला घ्या.