मधुमेह्याच्या पानांतील कोशिंबीर

पानांतील भात आणि पोळी हीं डोळ्यांना दिसतात, म्हणून मधुमेही मनुष्य त्यांचाच तेवढा हिशेब ठेवतो. रात्रीचा भात सोडला, बटाटा वर्ज्य केला, दोन पोळ्यांची एक केली, कीं पथ्य पुरें झालें असें त्याला वाटतें. आणि त्या रिकाम्या जागीं वाटीभर कोशिंबीर किंवा विलायती पद्धतीचें सॅलड तो निःशंक मनानें वाढून घेतो. पाला तो पाला, त्यांत साखर कसली, हा त्याचा युक्तिवाद. पाल्यापुरता तो खराही आहे. शंभर ग्रॅम काकडींत किंवा टोमॅटोंत कर्बोदकें जेमतेम चार ग्रॅम असतात. गाजर आणि बीट यांत तीं दहाच्या घरांत जातात, तरी एका पोळीच्या मानानें तींही थोडींच. परंतु साखर येते ती बहुधा पाल्यांतून नव्हे, तर पाल्यावर ओतलेल्या रसांतून. या रसाला इंग्रजींत ड्रेसिंग म्हणजे साजशृंगार म्हणतात, आणि शृंगाराचा खर्च घरच्या जमाखर्चांत सहसा लिहिला जात नाहीं.

पिष्ट व साखर कमी करण्याचें पथ्य आजकालचें नव्हे. लंडन येथील विल्यम बँटिंग नांवाच्या गृहस्थांनीं १८६३ सालीं एक लहानसें पुस्तक छापून, पाव, साखर, बटाटे आणि बीअर सोडल्यानें आपला लठ्ठपणा कसा उतरला, तें लोकांस सांगितलें. हे गृहस्थ धंद्यानें अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे. गिऱ्हाइकें कमी होतील असा उपदेश त्यांनीं करावा, ही मौजच म्हणावयाची. पुढें १९२१ सालीं टोरांटो येथें इन्सुलिनचा शोध लागला. त्यापूर्वीं मधुमेहावर कडक पथ्यावांचून दुसरा उपायच नव्हता.

आतां बाजारांतील बाटल्यांकडे वळावें. ज्या बाटलीवर चरबी कमी असल्याची ग्वाही मोठ्या अक्षरांत छापलेली असते, ती मधुमेह्यानें अधिक बारकाईनें वाचावी. तेल काढून घेतलें म्हणजे रसाचा दाटपणा आणि रुचि दोन्ही जातात. तीं परत आणण्यासाठीं पुष्कळदां स्टार्च आणि साखर घातली जाते. घटकद्रव्यांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें छापण्याचा नियम आहे, म्हणून पहिल्या चार नांवांत साखर, मध, ग्लुकोज सिरप किंवा फळांचा रस आढळला, तर ती बाटली फळीवर परत ठेवावी. माल्टोडेक्स्ट्रिन नांवाचें एक द्रव्य याहून लबाड आहे. तें पिष्टापासून बनतें, साखरेच्या रकान्यांत बहुतेक दिसत नाहीं, पण पोटांत गेल्यावर त्याचें ग्लुकोज होण्यास वेळ लागत नाहीं. यासाठीं केवळ साखरेचा आंकडा न पाहतां एकूण कर्बोदकांचा आंकडा पाहावा. आणि तो किती ग्रॅमांचा आहे, हेंही पाहावें. छापणारा एक चमचा धरतो, ओतणारा तीन ओततो.

तेलाची धास्ती मात्र येथें अनाठायीं आहे. अमेरिकेंतील आयोवा राज्य विद्यापीठांत झालेला एक प्रयोग २००४ सालीं प्रसिद्ध झाला. बिनतेलाच्या ड्रेसिंगबरोबर भाज्या खाल्ल्या असतां त्यांतील कॅरोटीन वर्गाचीं द्रव्यें शरीरांत जवळजवळ शोषलींच गेलीं नाहींत, तेलाबरोबर तीं शोषलीं गेलीं. अर्थात् तेलाचा एक मोठा चमचा सुमारे १२० कॅलरींचा असतो. तो मोजून घ्यावा, पण टाळूं नये.

फ्रेंच लोकांचा साधा रस तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर, म्हणजे शिरका, असा असतो. मीठ तेलांत विरघळत नाहीं, म्हणून तें प्रथम शिरक्यांत विरघळवावें; मग तेलाची बारीक धार धरून घुसळावें. हे दोन द्रव स्वभावतः एकमेकांस दूर सारणारे. त्यांचा समेट फ्रेंच मंडळी वाटलेल्या मोहरीकडून करवितात. ही युक्ति मराठी स्वयंपाकघरास परकी नाहीं. रायत्याला मोहरी फेसून घालण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती आज मागें पडत चालली हें खेदाचें आहे. मोहरीच्या कोरड्या दाण्यांत झणझणीतपणा तयार नसतो. दाणा कुटून त्याला पाणी लागलें, म्हणजे आंतील एन्झाइमच्या क्रियेनें तो उत्पन्न होतो. पाणी कढत असेल तर एन्झाइम नष्ट होतें. फोडणींत तडतडलेली मोहरी खमंग लागते, पण नाकांत जात नाहीं, तें याचमुळें. तेव्हां पाव चमचा मोहरी गार पाण्याच्या थेंबांनीं फेसावी, दहा मिनिटें झांकून ठेवावी, आणि मगच तींत एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा शिरका घालावा. आंबट आधीं घातलें, तर ती क्रिया मंदावते. त्यावर तीन मोठे चमचे घाण्याचें शेंगदाण्याचें किंवा तिळाचें तेल. इतका रस चार माणसांस पुरतो, आणि त्यांत सर्व मिळून दोन ग्रॅमही कर्बोदकें भरत नाहींत. बाल्सामिक नांवाचा काळसर शिरका मात्र द्राक्षाच्या रसाचा असल्यानें गोडसर असतो. त्याच्या एका मोठ्या चमच्यांत जवळजवळ तीन ग्रॅम साखर निघते.

मेयोनेज अंड्याचा बलक आणि तेल यांचें असल्यामुळें खरें पाहतां या पथ्यास उत्तम. परंतु घरीं करावयाचें तर कच्च्या अंड्यांत सालमोनेला जंतूंचें भय असतें, आणि बाजारांतील अंडें नसलेल्या प्रकारांत स्टार्च व साखर पुष्कळदां आढळते. त्यापेक्षां घरचा चक्का बरा. दही फडक्यांत टांगल्यानें निवळीबरोबर त्यांतील दुग्धशर्करेचा बराच भाग निघून जातो. त्यांत फेसलेली मोहरी, मीठ आणि चमचाभर तेल घालून फेटलें, कीं विलायती ड्रेसिंगची आठवणही होत नाहीं.

राहिली ती कोशिंबिरींतली चिमूटभर साखर. ती न घालणारी गृहिणी विरळा, आणि तिची चिमूट किती मोठी, हें तिलाही ठाऊक नसतें. एका लहान चमच्यांत चार ग्रॅम साखर मावते. काकडीच्या शंभर ग्रॅमांत जेवढीं कर्बोदकें, तेवढींच हीं. साखरेनें जी गोडी आणावयाची, ती खमंग भाजलेल्या दाण्यांचें कूट आणि ओलें खोबरें यांनींही येते. या दोहोंतही कर्बोदकें आहेत, पण त्यांतील निम्म्याहून अधिक भाग तंतूंचा, म्हणजे रक्तांत साखर न होणारा असतो.

मात्र एक गोष्ट जिवाशीं गांठ घालणारी आहे. जो रोगी इन्सुलिन टोंचून घेतो किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतो, त्यानें भात-पोळी एकाएकीं अर्ध्यावर आणली आणि औषध तेंच ठेवलें, तर रक्तांतील साखर धोक्याच्या खालीं उतरते. घाम सुटतो, हात कांपतात, प्रसंगीं शुद्ध हरपते. ज्यांच्या गोळीच्या नांवाचा शेवट ‘ग्लिफ्लोझिन’ असा होतो, त्यांना अति कडक पथ्यानें रक्तांत कीटोन नांवाचीं आम्लें सांचण्याचा निराळाच धोका आहे. डॉक्टरांस विचारून औषधाचें प्रमाण आधीं बदलावें, पान नंतर. शिरका हें मात्र या औषधांच्या जागीं बसणारें औषध नव्हे. सकाळीं अनशापोटीं तो नुसता पिणाऱ्या मंडळींचे दांत झिजतात.

करून ठेवण्याचा मोह असेल, तर मोहरीचा रस बाटलींत घालून शीतकपाटांत आठवडाभर ठेवतां येतो. वाढण्यापूर्वीं हलवावा म्हणजे झालें. त्यांत कच्ची लसूण घातली असेल, तर मात्र बाटली बाहेर मुळींच ठेवूं नये आणि तीन-चार दिवसांत संपवावी, कारण तेलाखालीं हवा नसलेल्या जागीं बोट्युलिझमचे जंतु वाढूं शकतात. पानें धुतल्यावर फडक्यानें कोरडीं टिपून घ्यावीं. ओल्या पानावर तेल ठरत नाहीं, सारें वाटीच्या तळाशीं जातें. काकडीला मीठ अगदीं वाढतेवेळीं लावावें, नाहीं तर तिला पाणी सुटून रस पातळ होतो, आणि मग दाट करण्यासाठीं कोणीतरी पुन्हां साखर-कुटाचा डबा उघडतें.