दम देणं आणि दम धरणं



सुरुवातीलाच एक कबुली देते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदूरमधलं आमचं घर, संध्याकाळचे सात वाजलेले, कुकरची तिसरी शिट्टी होतेय आणि माझी पाच वर्षांची लेक फरशीवर आडवी पडून हातपाय झाडतेय. कारण काय, तर तिची पोळी मी मधोमध मोडली. तिला अख्खी हवी होती. मी दुसरी देऊ केली, तर नाही. तीच हवी, आणि तीच अख्खी हवी.

आता मी शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. मुलांच्या भावना कशा हाताळायच्या, यावरची दोन-तीन प्रशिक्षणंही माझी झालेली. मला आठवलं, अशा वेळी मुलांना सावकाश श्वास घ्यायला सांगायचा असतो. मग मी काय केलं? कमरेवर हात ठेवले आणि ओरडले, "श्वास घे! अगं, श्वास घे म्हणते ना!"

ती क्षणभर थांबली, माझ्याकडे बघितलं आणि दुप्पट जोरात रडायला लागली. तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "तू घे आधी."

आज मी तुमच्याशी त्या तीन शब्दांबद्दल बोलणार आहे.

आपल्या भाषेत 'दम' हा फार मजेदार शब्द आहे. दम म्हणजे श्वास. कुणी घाई केली, की आपण म्हणतो, 'जरा दम धर.' आणि मूल ऐकत नसलं, की आपण त्याला दम देतो. गंमत बघा, आपण मुलांना आधी दम देतो आणि मग त्यांनी दम धरावा अशी अपेक्षा करतो. हे जमत का नाही, ते शरीराकडे बघितलं की कळतं.

मूल चिडतं किंवा घाबरतं तेव्हा त्याच्या अंगात ॲड्रेनलिन वाढतं. छाती धडधडते, हातपाय ताठ होतात, श्वास आखूड आणि वरवरचा होतो. पळायचं किंवा लढायचं, यासाठी शरीर तयार होतं. अशा वेळी समोरचा माणूस ओरडला, तर मुलाच्या शरीराला एकच अर्थ कळतो, की धोका खरा आहे. मग ते आणखी जोर लावतं. म्हणजे माझ्या 'श्वास घे' या आरडाओरड्यानं तिचा श्वास आणखीच आखूड झाला.

मग श्वासच का? हृदयाला आपण 'हळू धड' असं सांगू शकत नाही. घामाला 'थांब' म्हणता येत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपलं ऐकतोही. आत्ता बसल्या जागी करून बघा. मनगटावर दोन बोटं ठेवा, नाडी सापडू द्या. आता नाकानं साधा श्वास घ्या आणि तोंडानं अगदी सावकाश सोडा. श्वास सोडताना नाडी किंचित संथ होते. काहींना बोटाखाली लगेच जाणवेल, काहींना दोन-तीनदा केल्यावर. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हे काम करतो. म्हणून मुलांना 'खोल श्वास घे' म्हणण्यापेक्षा 'हळूहळू सोड' म्हणणं जास्त उपयोगाचं. मूल 'खोल श्वास घे' ऐकून खांदे वर करतं, छाती फुगवतं आणि श्वास तिथेच कोंडून धरतं.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या येलेना ओब्राडोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण सात वर्षांच्या आसपासची ३४२ मुलं. प्रयोगशाळेत नव्हे, खेळाच्या मैदानावर, शिबिरात, मुलांच्या संग्रहालयात. काही मुलांना एक छोटी चित्रफीत दाखवली, ती बघत त्यांनी फक्त चार सावकाश श्वास घ्यायचे. बाकीच्यांना तशीच चित्रं असलेली, पण श्वासाचा सराव नसलेली फीत दाखवली. ज्यांनी श्वास घेतले, त्यांच्या हृदयाची गती खाली आली. चार श्वासांत! पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही मुलं त्या वेळी रोजच्यासारखी खेळती होती, फरशीवर लोळून रडत नव्हती. आणि त्यांना नुसतं तोंडी सांगितलं नव्हतं, चित्रातून करून दाखवलं होतं.

म्हणून पहिला नियम : श्वासाचा सराव रडण्याच्या वेळी शिकवायचा नाही. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नसतो. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीसाठी 'हॅपिनेस' अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातही स्वतःच्या श्वासाकडे लक्ष देणं हा नेहमीच्या तासिकेचा भाग ठेवला होता, शिक्षेचा नव्हे. घरी आपल्याला झोपायच्या आधीची दोन-तीन मिनिटं पुरतात.

काय करायचं? आपल्याकडे सगळं आहेच.

पहिलं, फुंकर. मुलाचा गुडघा खरचटला, की आजी काय करते? 'आण इकडे, फू करते.' ती फुंकर म्हणजे लांब, हलका, सावकाश सोडलेला श्वास. कागदाची बोटभर रुंदीची पट्टी मुलाच्या तोंडासमोर धरा. ती उडवायची नाही, नुसती डुलवायची. पट्टी जितका वेळ डुलेल, तितका वेळ श्वास सावकाश बाहेर जातोय. वाफाळत्या वरणभातावरही हाच खेळ होतो.

दुसरं, भुंगा. ओठ मिटायचे आणि श्वास सोडताना 'हुंऽऽ' करायचं. मोठी माणसं याला भ्रामरी म्हणतात. मुलांना नुसता भुंगा पुरतो. गालावर हात ठेवले की गुदगुल्या होतात, आणि तेवढ्यासाठी ती पुन्हा पुन्हा करतात.

तिसरं, हुतूतू. आठ-दहा वर्षांच्या मुलांना 'चल, श्वास घेऊ या' म्हटलं की ती तोंड वाकडं करतात. त्यांना म्हणा, एका दमात हळू आवाजात 'हुतूतू हुतूतू' कोण जास्त वेळ म्हणतो बघू. फक्त एक अट घाला, दम तुटायच्या आधी थांबायचं. धापा टाकल्या तर खेळ उलटा झाला.

चौथं, पोटावरची बाहुली. उताणं झोपायचं, बाहुली पोटावर ठेवायची आणि तिला सावकाश वर-खाली न्यायचं. आमच्याकडे बाहुलीच्या आधी लेक झोपते.

काही काळज्या घ्या. मुलांचा श्वास आपल्यापेक्षा जलद चालतो, त्यामुळे आपले आकडे त्यांच्यावर लादू नका. लहान मुलांना श्वास रोखून धरायला लावू नका. भराभर मोठे श्वास घेतले तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसं झालं तर थांबायचं. मुलाला दमा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि भूक किंवा झोप हे कारण असेल, तर श्वासाच्या आधी जेवण, श्वासाच्या आधी अंथरूण.

आता दुसरी कबुली. ही सांगायला मला जास्त जड जातं.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. बाक आपटायचा, वही फेकायचा. मी वर्गाच्या कोपऱ्यात एक चटई टाकली आणि त्याला 'शांत कोपरा' असं नाव दिलं. त्याचा आवाज चढला, की मी म्हणायचे, "जा, पाच श्वास घेऊन ये." तो जायचा, घ्यायचा, शांतपणे जागेवर बसायचा. मी इतकी खूश, की शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं. एक दिवस तो कोपऱ्यातून उठून सरळ माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "मॅडम, पाच श्वास घेतले. पण माझी पेन्सिल अजून त्याच्याकडेच आहे."

मी चौकशी केली. शेजारचा मुलगा कित्येक आठवड्यांपासून त्याच्या वस्तू घेत होता. आधी खोडरबर, मग पेन्सिली, मग डब्यातला खाऊ. त्याचा राग अगदी रास्त होता. आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं, की बाळा, झालं काय?

आपण लहान असताना 'हाताची घडी, तोंडावर बोट' होतं ना? मी तेच करत होते, फक्त चटई टाकून. मुलाला शांत करणं वेगळं आणि गप्प करणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणूनच आपली फसगत होते.

तेव्हापासून माझा दुसरा नियम : श्वासानंतर प्रश्न आलाच पाहिजे. 'आता सांग, काय झालं?' आणि त्याचं म्हणणं खरं असेल, तर पेन्सिल परत मिळाली पाहिजे. श्वासानं राग जात नाही. राग शब्दांत सांगता यावा, एवढी जागा त्यानं मिळते. ती जागा मिळाल्यावर ऐकायला कुणी नसेल, तर मूल पुढच्या वेळी श्वास कशाला घेईल?

मग ऐन रडण्याच्या वेळी काय करायचं? फार काही नाही. त्याच्या उंचीला खाली बसा. कमी बोला. मारत असेल तर हात हलकेच धरा. आणि त्याला ऐकू येईल असा सावकाश श्वास तुम्ही सोडा. एकदा, दोनदा, दहादा. त्यानं घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही. रडू द्या. बहुतेकदा थोड्या वेळानं एक मोठा हुंदका येतो, मग एक सुस्कारा. तिथून बोलणं सुरू होतं.

हे उपाय रोजच्या रुसव्या-रागासाठी आहेत. मूल सतत भेदरलेलं असेल, स्वतःला इजा करत असेल, त्याची झोप किंवा जेवण बिघडलं असेल, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. फोन करण्यात कमीपणा काही नाही.

आमच्या घरात आता काय स्थिती आहे म्हणाल, तर लेक सात वर्षांची झालीय आणि मोडलेली पोळी तिला अजूनही चालत नाही. रडते. पण मागच्या महिन्यात मी फोनवर कुणाशी तरी तावातावानं बोलत होते, तर ती येऊन माझ्या शेजारी बसली. काही बोलली नाही. नुसती मला ऐकू येईल अशी, लांब, सावकाश फुंकर सोडत राहिली. तिसऱ्या फुंकरीला माझा आवाज खाली आला.

तुम्ही बडोद्यात असा, हैदराबादेत, बेळगावात, दिल्लीत की पुण्यात, आज रात्री मुलांना झोपवताना एकदा करून बघा. त्यांना काही शिकवू नका. नुसते शेजारी आडवे व्हा आणि तुम्ही घ्या आधी.