बिऱ्हाड हलवण्यापूर्वी



दिवाळी झाली की आम्ही कांजूरमार्ग सोडणार. वडोदऱ्यास मुलाकडे राहावयास जाणार. वडोदरा म्हणजे आपल्या जुन्या बोलण्यातले बडोदे. तुमच्यापैकी काही जण म्हणाले, "गुरुजी, जाता जाता चार शब्द सांगा." ते घराविषयीच सांगावेत असे आम्हाला वाटले. कारण या वर्गातली बहुतेक माणसे एकदा गाव सोडून आलेली आहेत. काही जण पुन्हा निघायच्या तयारीत आहेत.

आम्ही इथे आलो १९८४ साली, लग्न झाल्यावर. विक्रोळी आणि भांडुप यांच्या मधले हे स्टेशन १९६८ साली झाले. पूर्वेला कांजूर गाव, पलीकडे मिठागरे आणि ठाण्याची खाडी. पश्चिमेला जुना आग्रा रोड, म्हणजे आताचा लाल बहादूर शास्त्री मार्ग. त्या रस्त्याला तेव्हा कारखाने होते. पुढे ते एकेक करून बंद पडले. आता तिथे उंच इमारती आहेत.

कारखाना बंद पडला की कामगार बिऱ्हाड हलवी. कोणी गावी जाई, कोणी सुरतेस, कोणी वापीस. बाप संध्याकाळी घरी येऊन म्हणे, "परवा निघायचं." मुलीची परीक्षा आठ दिवसांवर आलेली असे. बायकोची भिशी अर्धी भरलेली असे. पण विचारतो कोण? सोमवारी आम्ही वर्गात हजेरी घेत असू. नाव पटावर तसेच असे. आम्ही हाक मारावी, आणि दुसऱ्या मुलाने सांगावे, "गुरुजी, तो गेला." कुठे गेला, ते त्यालाही ठाऊक नसे.

बापाने ठरवायचे आणि घराने निघायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. आम्हाला ती कधीच पसंत पडली नाही. पोटासाठी जावे लागते, हे खरे. पण जाणे एकट्या बापाचे नसते.

बडोद्याच्याच दोन गोष्टी सांगतो. दोन्ही बापलेकांच्या आहेत.

नाशिक जिल्ह्यात मालेगावच्या बाजूला कौळाणे नावाचे गाव आहे. तिथे काशीराव गायकवाड शेती करीत. बडोद्याच्या राजघराण्याचे ते दूरचे भाऊबंद. १८७५ साली बडोद्याची गादी रिकामी झाली. महाराणी जमनाबाईंना मुलगा दत्तक घ्यावयाचा होता. काशीराव मुलांना घेऊन बडोद्यास गेले. तिथे त्यांचा गोपाळ निवडला गेला. वय बारा वर्षांचे. त्याला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते. तेच पुढे महाराज सयाजीराव झाले. बाराव्या वर्षी अक्षरे गिरवली, आणि १९०६ साली आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पेट्यांमध्ये पुस्तके भरून ती खेड्यापाड्यांत पाठवण्याची सोय केली. वर्गात उशिरा आलो म्हणून लाजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पण आम्हाला या गोष्टीत दुसरेही काही दिसते. त्या दिवशी एका बारा वर्षांच्या मुलाची आई बदलली. भाग्य आले खरे, पण ते घर मोडून आले.

दुसरी गोष्ट रामजी सुभेदारांची. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे हे वडील. लष्करी शाळेत ते मुख्याध्यापक होते. म्हणजे आमच्याच धंद्यातले. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी मुंबईत चाळीच्या खोलीत संसार केला. मुलगा बी. ए. झाला. सयाजीरावांनी त्याला शिकताना मदत केली होती, म्हणून १९१३ च्या जानेवारीत तो नोकरीसाठी बडोद्यास निघाला. वडिलांना ते पसंत नव्हते. मुलगा गेला. थोड्याच दिवसांत तार आली, वडील फार आजारी आहेत. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून तो सुरत स्टेशनवर उतरला, आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोचला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार वारले.

यात चूक कोणाची, हे ठरवू नये. बापाची काळजी खरी होती, मुलाचे जाणेही खरे होते. पण बोलणे राहून गेले की ते मग राहूनच जाते.

आता आमच्या घरचे सांगतो. मुलाचा फोन आला. म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघं इकडेच या. इथली खोली विकून टाका. ते पैसे घालून आपण मोठं घर घेऊ." मुलगा चांगला आहे. मनात काळे नाही. आम्ही त्याला सांगितले, "तुझ्या आईला विचारतो."

ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणाली, "अहो, मी येते. पण माझ्या तीन गोष्टी आहेत. त्या आधी ऐका."

पहिली गोष्ट खोलीची. "ही खोली विकायची नाही. मुलाच्या घरी आपण सुखानं राहू. पण परत यायला आपलं दार पाहिजे. आणि कागदावर माझंही नाव पाहिजे."

मंडळी, हे ऐकावयास कठीण वाटते. आईचा मुलावर भरवसा नाही का, असे कोणी विचारील. भरवसा आहे म्हणूनच ती चालली आहे. म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणे हे मुलांचे कर्तव्य आहे, असा २००७ सालचा कायदाही आहे. सांभाळीन अशा अटीवर लिहून घेतलेली मालमत्ता न सांभाळल्यास परत मिळवण्याची वाट त्यात आहे. पण घरात कायद्याचे पुस्तक काढावे लागले, तर त्या घराची चव गेलीच. त्यापेक्षा आपले दार आपल्याकडे असावे. मग मुलाशी मोकळेपणाने बोलता येते, आणि सुनेलाही ओझे वाटत नाही.

नावाचे म्हणाल, तर बायकोला अर्धा हिस्सा द्यावयाचा असेल, तर बक्षीसपत्र करून ते सरकारी कचेरीत नोंदवावे लागते. नुसते तोंडाने बोलून भागत नाही. साध्या कागदावर लिहूनही भागत नाही. आम्ही ते रीतसर केले. तिने सही केली तेव्हा हात जरा थरथरला, पण अक्षर चांगले आले.

दुसरी गोष्ट पेन्शनच्या खात्याची. ते दोघांच्या नावे करून घेतले. यात सांगण्यासारखे फार नाही. बँकेत एक सकाळ गेली. ज्यांनी केले नसेल त्यांनी करावे.

तिसरी गोष्ट आम्हाला सुचली नसती. ती म्हणाली, "तिथं मला कोणी ओळखत नाही. इथं मी एकटी बाजारात जाते, भांडुपला जाते. तिथं बसवरची पाटी मला वाचता आली पाहिजे. नाहीतर मी चार भिंतींत बसून राहीन." मग तिने नातवाला फोन लावला. नातू सात वर्षांचा आहे. तो गुजराती बोलतो, इंग्रजी शाळेत जातो, आणि मराठी कळत असूनही उत्तर गुजरातीत देतो. आता रोज रात्री दोघांचा धडा चालतो. तो तिला गुजराती अक्षर दाखवतो, ती त्याला मराठी शब्द देते. तुम्हीही पाहून ठेवा. गुजराती अक्षरांना डोक्यावरची रेघ नसते. आपले ग, न, प, म, व घ्या आणि वरची रेघ पुसा. बहुतेक तेच अक्षर होते. क, ज, अ मात्र वेगळे, ते नव्याने शिकावे लागतात. परवा नातू तिला म्हणाला, "आजी, तू चुकलीस." हे वाक्य त्याने मराठीत म्हटले.

मुलगा खोलीच्या गोष्टीने थोडा नाराज झाला. आठ दिवस त्याचा फोन आखूड झाला. अजूनही तो पुरता मोकळा झालेला नाही. आईने त्याला समजावले नाही, आणि रागावलीही नाही. तिथे गेल्यावर बसून बोलू, एवढेच म्हणाली. ते बोलणे अजून व्हावयाचे आहे.

गंमत पाहा, बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात सामील झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. म्हणजे मधली अकरा वर्षे इथून बडोद्याला जाणारा माणूस परराज्यात जात नव्हता. गाडी तीच, रूळ तेच.

आपल्या वर्गातले एक बंधू सहकुटुंब सुरतेस कामाला जाणार आहेत. त्यांना दोन गोष्टी सांगून ठेवतो. इतरांनीही ऐकाव्यात. मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला निघण्यापूर्वी मागून घ्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे मुख्याध्यापकाने तो लगेच द्यावयाचा असतो. दाखला यायला उशीर झाला, तरी तेवढ्यासाठी नव्या शाळेला आठवीपर्यंतच्या मुलाला नाकारता येत नाही. सुरतेत महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. खोली घेण्यापूर्वी अशी शाळा किती लांब आहे, ते पाहून या. मुलांनाही विचारा, कोणत्या भाषेत शिकता.

दुसरी गोष्ट रेशनची. अन्नसुरक्षा योजनेतले कार्ड असेल आणि आधार जोडलेले असेल, तर त्याच कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य मिळते. २०२२ पासून ही सोय देशातल्या सर्व राज्यांत आहे. म्हातारी आई मागे राहणार असेल, तर थोडे धान्य इथे आणि उरलेले तिथे, असेही उचलता येते. नवे कार्ड काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.

आमची खोली आम्ही एका कुटुंबाला भाड्याने दिली आहे. ११ महिन्यांचा करार केला, तो नोंदवलाही. भाडे तिच्या एकटीच्या खात्यात जमा होईल. पहिल्या भाड्यातून काय घ्यायचे, ते तिने ठरवले आहे म्हणे. आम्हाला अजून सांगितलेले नाही.