फिटच्या गोळ्या, मुलांची भूक आणि वजन

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी बँकेतला कारकून, शिक्षण कला शाखेचे. औषधांवर बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. पण माझ्या भाचीला सातव्या वर्षापासून फिटची गोळी चालू आहे. तिच्या निमित्ताने डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

फेफरे, मिरगी, अपस्मार ही एकाच आजाराची नावे. हा मेंदूचा आजार आहे. त्यात करणी नाही, बाधा नाही, आणि तो एकापासून दुसऱ्याला होत नाही. कांदा हुंगवून किंवा नाकाशी चप्पल धरून तो जात नाही. योग्य औषध नियमित घेतले तर दहापैकी सुमारे सात रुग्णांच्या फिट थांबू शकतात. मात्र यातली काही औषधे मुलांची भूक बदलतात, आणि तिथे घरोघरी गोंधळ होतो.

व्हॅल्प्रोएट हे औषध 1960 च्या दशकात फ्रान्समध्ये पुढे आले. आजही आपल्याकडे पुष्कळ मुलांना ते दिले जाते. सर्वांना नाही, पण बऱ्याच मुलांना त्याने भूक जास्त लागते. मूल जेवून उठते आणि तासाभरात पुन्हा डबे उघडू लागते. पहिल्या काही महिन्यांतच वजन चढू लागते. आजी म्हणते, "पोर अंगाने भरली, औषध मानवलं." पण औषध लागू पडले की नाही, हे फिट किती आल्या यावरून ठरते, गालांवरून नाही. गॅबापेंटिन आणि व्हिगाबॅट्रिन यांनीही वजन वाढते. कार्बामाझेपिनने काहींचे थोडे वाढते. तान्ह्या बाळांच्या विशिष्ट झटक्यांवर स्टेरॉइड देतात, तेव्हा बाळ सारखे भुकेजते आणि चेहरा गोल होतो.

टोपिरामेट आणि झोनिसामाइड यांचे उलट आहे. त्यांनी भूक मरते. मूल ताट पुढे सारते, आई रागावते, "नखरे करतो" म्हणते. तो नखरा नसून गोळीचा परिणाम असू शकतो. इथोसक्सिमाइडने मळमळते, पोट बिघडते, म्हणून जेवण कमी होते. लॅमोट्रिजिनने वजनात सहसा फारसा फरक पडत नाही.

हे सांगण्याचे कारण असे. आमच्या चाळीतल्या नववीतल्या एका मुलीला वर्गात 'जाडी' म्हणून चिडवू लागले. तिने गोळी तोंडात धरून मोरीत थुंकायला सुरुवात केली. घरात कोणालाच पत्ता नाही. तिसऱ्या आठवड्यात फिट आली ती थांबेचना. रिक्षाने दवाखाना गाठला, पोर वाचली. पाच मिनिटांहून जास्त चाललेली फिट जिवावर बेतू शकते, आणि गोळी एकदम बंद करणे हे तिचे एक मोठे कारण आहे. वजन वाढले म्हणून किंवा घटले म्हणून गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. डॉक्टर डोस कमी करू शकतात किंवा औषध बदलू शकतात. पण ते काम पायरीपायरीने होते.

मग पालकांनी काय करावे? गोळी सुरू होण्याआधी मुलाचे वजन आणि उंची लिहून ठेवावी, पुढे दर महिन्याला नोंद करावी. लहान मुलांसाठी अंगणवाडीत काटा असतो. आम्ही पासबुकात जशा नोंदी करतो, तशा तारखेसह वहीत कराव्यात. फिट आली तर तीही लिहावी. मुलांचा डोस वजनाच्या हिशेबाने ठरतो, म्हणून ही वही डॉक्टरांच्याही उपयोगाची.

भूक वाढलेल्या मुलाला उपाशी ठेवू नये. भाकरी, उसळ, पालेभाजी, काकडी, ताक यांनी पोट भरावे. फरसाण, खारी, बिस्किटे घरातच कमी आणावीत. त्याच्या एकट्याच्या ताटावर नजर ठेवू नये, सर्व घराने तसेच जेवावे. त्याला खेळूही द्यावे. भूक मेलेल्या मुलाला थोडे थोडे पण चार-पाच वेळा द्यावे: केळे, अंडे, शेंगदाणे-गूळ. टोपिरामेट चालू असेल तर पाणी भरपूर पाजावे, कारण त्याने मुतखडा होऊ शकतो. घामही कमी येतो, म्हणून उन्हात जपावे.

एक धोक्याची खूण पक्की लक्षात ठेवा. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलाची भूक अचानक गेली, उलट्या होऊ लागल्या, मूल सुस्त पडले किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. क्वचित यकृताला इजा होते, आणि दोन वर्षांखालील बाळांना हा धोका अधिक. मुलगी वयात येत असेल तर व्हॅल्प्रोएटविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. त्याने पाळी अनियमित होऊ शकते, आणि पुढे गरोदरपणात ते बाळाला घातक ठरते.

शेवटी एवढीच विनंती. मुलाला जाड्या, काडी अशी नावे आपण ठेवू नयेत आणि शेजाऱ्यांनाही ठेवू देऊ नयेत. ज्या मुलाला घरात हसत नाहीत, ते मूल गोळी लपवत नाही.