प्रतिनिधित्वाची सुरुवात मतदार यादीपासून
(कोराडी, नागपूर येथील भाषण)

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के आहेत. 2024 मध्ये विधानसभेच्या 288 जागांवर मुस्लिम आमदार निवडून आले फक्त 10. उमेदवारी पक्ष ठरवतात. मतदार यादीवर मात्र आपण लक्ष ठेवू शकतो.

पोर्टलवर एकेक नाव सापडते. पण अख्खी यादी चित्ररूपी पीडीएफमध्ये मिळते. मोहल्ल्यातले कोण गळाले, हे संगणकाला सहज तपासता येत नाही. शोधता येण्याजोगी यादी द्यावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये फेटाळली. आयोगाकडे ती आपण लावून धरू. तोवर कोराडीतल्या प्रत्येक बूथची यादी मोहल्ल्यात वाचा आणि गळालेल्यांचा नमुना 6 भरून घ्या. शेजारी कोणत्याही समाजाचा असो, त्याचेही नाव तपासा.