पाहुण्यांना काय सांगावे, ते कोणाला विचारावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी डॉक्टरीणबाई, कोणी शाळेच्या बाई बोलावयास येतात. यंदा माझे नाव निघाले तेव्हा मी म्हटले, "अहो, मी सातवी झालेली, मी काय बोलणार?" त्यावर आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही जे काम करता तेच सांगा." तेव्हा तेच सांगते. भाषणाची सवय नाही, मधूनमधून कागदात पाहीन, तेवढे सांभाळून घ्यावे.

माझी पुतणी पुण्यास असते. दुकानांच्या आणि घरगुती निवासांच्या वेबसाईटवर जो मजकूर असतो, तो लिहिण्याचे काम ती करते. आपल्या दापोली तालुक्यात हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, आंजर्ले या बाजूला आता आळीआळीतून पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या आहेत. त्यांतील काही तिची गिऱ्हाइके. ती त्यांना वीस प्रश्नांचा कागद पाठवी. उत्तरे काय येत, ऐका. सोयी : सर्व. जेवण : घरगुती. वैशिष्ट्य : निसर्गरम्य वातावरण. जवळची ठिकाणे : भरपूर. आणि शेवटी एक ओळ हटकून, की दापोली म्हणजे मिनी महाबळेश्वर. पुतणी म्हणाली, "काकू, यातून मी काय लिहू? हे गणपतीपुळ्यापासून गोव्यापर्यंत कोणाच्याही दारावर लावता येईल. तू तिथेच आहेस, जरा जाऊन विचारशील का?" गेली तीन वर्षे मी हे जाऊन विचारण्याचे काम करते आहे. एसटीचे भाडे आणि वर थोडे पैसे मिळतात.

माणसे कंजूषपणाने उत्तरे देत नाहीत, हे आधी सांगते. त्यांना वाटते, वेबसाईटवर घालायचे म्हणजे काहीतरी भारी पाहिजे. घरात जे रोज घडते ते कसले लिहायचे? विहिरीचे पाणी मे महिन्यात पुरते की नाही, पडवीत म्हाताऱ्या माणसाला बसायला खुर्ची आहे की बाकडे, संडास घरात आहे की मागल्या अंगणात, हे त्यांच्या दृष्टीने सांगण्याजोगे नसतेच. आणि येणाऱ्याला तर नेमके तेच हवे असते. म्हणून "तुमचे वैशिष्ट्य काय?" हा प्रश्न मी टाकूनच दिला. मी विचारते, "काल फोन कोणाचा आला होता? त्यांनी काय काय विचारले?" मग पाहा, गाडी कशी चालू लागते ती.

मुरूडच्या एका घरी मी असे विचारले, तर घरच्या वहिनी एकदम म्हणाल्या, "पहिला प्रश्न ठरलेला. किल्ला घरापासून किती लांब?" तुम्ही हसलात, कारण तुम्हाला ठाऊक आहे. आपले मुरूड रत्नागिरी जिल्ह्यातले, महर्षी कर्व्यांचे, दुर्गादेवीच्या देवळाचे. जंजिरा किल्ला ज्या मुरूडला आहे ते रायगड जिल्ह्यात. दोहोंच्या मध्ये सावित्रीची खाडी आणि राजपुरीची खाडी. पण फोनवर नुसते "मुरूड बीच" एवढेच पाहणाऱ्याला हे कोण सांगणार? त्या वहिनींच्या घरी आठ माणसांचा स्वयंपाक झालेला, मोदकसुद्धा उकडून ठेवलेले, आणि रात्री नऊ वाजता फोन आला, "आम्ही जंजिऱ्याच्या गावात उभे आहोत, तुमचे घर सापडत नाही." बरोबर लहान मुले आणि एक आजी. त्या रात्री ती मंडळी तिकडेच कुठेतरी राहिली. पैसे परत द्यावे लागले, अन्न शेजारी वाटले. वहिनी म्हणाल्या, "अन्नाचे काही नाही हो, पण त्या आजी रात्री गाडीत बसून होत्या, ते मनाला लागून राहिले."

एवढी गोष्ट वीस प्रश्नांच्या कागदात कुठेही आलेली नव्हती, कारण "आपले मुरूड कोणते?" असे कोणी विचारलेच नव्हते. आता त्यांच्या वेबसाईटवर पहिलीच ओळ अशी आहे की, हे मुरूड दापोली तालुक्यातले. जंजिरा किल्ला इथे नाही. इथला जवळचा जलदुर्ग म्हणजे हर्णैचा सुवर्णदुर्ग. त्याखाली, रेल्वेने यायचे तर खेडला उतरावे, तिथून दापोली सुमारे ३० किलोमीटर, दापोलीला रेल्वे नाही. यजमान प्रथम नाराज होते. म्हणाले, "पहिल्याच ओळीत 'नाही' कशाला?" पण वहिनींनी ऐकले नाही.

यावरून दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात आली. माहिती कोणाला विचारायची? कागदावर सही यजमानांची, फोन नंबर यजमानांचा, म्हणून पुतणी त्यांनाच विचारी. मी गेले की तेही ओटीवर बसून मला सांगू लागतात. मी ते ऐकून घेते, वहीत लिहूनही घेते, आणि मग "जरा पाणी पिऊन येते" म्हणून माजघरात जाते. खरी माहिती तिथे असते. एका ठिकाणी ओटीवर उत्तर मिळाले, "ताजी मासळी बाराही महिने." आत वहिनी नारळ खवत होत्या. त्या म्हणाल्या, "बारा महिने कुठून आणणार? १ जून ते ३१ जुलै बोटींची मासेमारी सरकारी नियमानेच बंद. तेव्हा हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव कुठला असायला?" मी विचारले, "मग त्या दिवसांत पाहुण्यांना काय वाढता?" त्यावर त्यांनी जे सांगितले ते लिहिता लिहिता माझी दोन पाने भरली. सोड्यांचे कालवण, सुकटीची चटणी, आठळ्यांची भाजी, टाकळा, भारंगी, कुळथाचे पिठले, गरम घावन. वर म्हणतात कशा, "पण हे काय लिहायचे? हे आपले पावसातले गरिबीचे जेवण." मी ते सगळे लिहिले. पुतणीने पावसाळ्याचे म्हणून वेगळे पान केले. गेल्या श्रावणात ठाण्याचे एक कुटुंब फोन करून विचारत होते, "ती टाकळ्याची भाजी मिळेल ना?"

सासूबाईंना विचारायला विसरू नये, हेही सांगून ठेवते. कर्द्यास एका घरी ऐंशीच्या पुढच्या आजी खांबाला टेकून बसल्या होत्या. मी सुनेला विचारत होते, मुलांना किनाऱ्यावर केव्हा नेलेले चांगले? सून म्हणाली, संध्याकाळी. आजी मध्येच म्हणाल्या, "तिथी कोणती ते आधी पाहा." मग त्यांनी तो आपला जुना हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता सुमारे पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला पाणी भरलेले, दुपारी ओसरलेले. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, आणि संध्याकाळी सहाला वाळू लांबवर उघडी, मुलांना खेळायला अंगणासारखी. मात्र त्या दिवसांत उधाण असते, पाणी चढते जोरात आणि उतरतेही जोरात ओढत. "उतरत्या पाण्यात पाय घालू नये," आजी म्हणाल्या, "पाणी गुडघ्याएवढे दिसते आणि माणूस ओढून नेते."

भगिनींनो, आपल्या किनाऱ्यांवर बाहेरगावची माणसे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो. ही माणसे पोहायला येत नाही म्हणून बुडतात असे नव्हे. पुष्कळांना भरती-ओहोटीची वेळच ठाऊक नसते. पंचांगात रोजची तिथी आहे, आणि हिशेब आजींच्या तोंडी आहे, पण वेबसाईटवर मात्र "शांत, सुरक्षित समुद्रकिनारा" असे छापलेले! मी पुतणीला सांगितले, हे वाक्य माझ्या माहितीतल्या एकाही घराच्या नावावर घालू नकोस. त्याऐवजी रोजच्या भरतीची वेळ घरमालकाला विचारा आणि मगच पाण्यात उतरा, असे घाल. आजींचा हिशेब अदमासाचा आहे, घड्याळ लावून नव्हे, म्हणून पाहुण्यांनी तो स्वतः करू नये, घरी विचारावे, हेही त्यात आहे.

आता एक अवघड गोष्ट सांगते. घर कोणाचे ते सांगणार नाही. बाईंचे यजमान वारले, नारळी-पोफळीचे आगर होते, त्यावर घर चाले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले, ते आपण सर्वांनीच भोगले आहे. त्यांचे आगर एका दुपारी आडवे झाले. नंतर कर्ज काढून तीन खोल्या बांधल्या, त्यांचे हप्ते चालू. वेबसाईटसाठी दीरांनी फोटो दिले ते वादळाआधीचे, दाट सावलीचे, झोपाळ्याचे. पुतणीलाही ते आवडले. फोटो खरेच सुंदर होते. मी आगरात जाऊन पाहिले तर गुडघ्याएवढी रोपे, मध्ये मोकळे आभाळ. दीर म्हणाले, "पाहुणे एकदा आले की थोडेच परत जाणार आहेत?" मी बाईंना बाजूला विचारले, "वहिनी, आलेले पाहुणे तुम्हाला काय म्हणतात?" त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणत काही नाहीत. पण आगरात जातात, इकडे तिकडे बघतात, आणि माझ्याकडे न बघता खोलीत जातात."

त्या दिवशी वहीत काहीच लिहिले नाही. चार दिवसांनी त्यांचाच फोन आला, "माझे माड पडले असे लिहा. आणि नवीन लावलेत तेही लिहा. किती लावलेत ते मी मोजून ठेवलेय." दीर रागावले, पुतणीलाही भीती वाटली की सावली गेलेली सांगितली तर कोण येईल? काही दिवस खोल्या रिकाम्या राहिल्याही, हे लपवीत नाही. आता येतात ती माणसे कोणती रोपे केवढी झाली ते विचारतात. मुंबईचे एक जोडपे दुसऱ्यांदा आले तेव्हा आपल्या पहिल्या फोटोत उभे राहून माडाची उंची मोजत होते. हप्ते अजून फिटलेले नाहीत.

याच बाईंच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मी लिहू दिली नाही. कोणीतरी सुचविले होते की, "एकट्या महिलेने चालविलेले घर" असे लिहावे, लोकांना कौतुक वाटेल. कौतुक वाटेल खरे, पण रात्री घरात कोण असते नि कोण नसते हे साऱ्या जगाला कशाला कळवायचे? जे सांगायचे ते सांगावे, आणि जे घरातच ठेवायचे ते कोणी कितीही विचारले तरी वहीत उतरवू नये. मुलीबाळींचे फोटोही मी घेऊ देत नाही.

बाकी बारीकसारीक पुष्कळ आहे, त्यातले दोन-चार सांगते. रस्ता विचारू नये, चालून पाहावा. "पिंपळावरून वळा" असे गावातला माणूस सांगतो, आणि पिंपळ पडून सहा वर्षे झालेली असतात. फोनची रेंज कुठल्या वळणावर जाते ते स्वतः पाहावे, आणि त्या वळणाच्या आधीच पुढचा रस्ता वाचून ठेवा असे लिहावे. कासवांच्या पिल्लांबद्दल विचारणारे फार असतात. वेळासला, आंजर्ल्याला ती समुद्रात सोडतात हे लिहावे, पण अमुक तारखेला दिसतीलच असे कोणाच्या सांगण्यावरून लिहू नये, ती अंड्यातून केव्हा यायची ते त्यांचे त्यांना ठाऊक. दाभोळहून धोपाव्याला गाड्या नेणारी फेरीबोट आहे, पलीकडे गुहागरला जाणाऱ्यांना मोठा वळसा वाचतो. मात्र शेवटची फेरी किती वाजता, हे मी धक्क्यावर विचारल्याशिवाय देत नाही, कारण घरोघर वेगळी वेळ सांगतात. दर लिहिले तर कोणत्या महिन्याचे ते लिहावे. आणि सगळे झाल्यावर मजकूर त्या घरी मोठ्याने वाचून दाखवावा. डोळ्यांनी वाचताना माणसे "छान आहे" म्हणून कागद परत देतात. कानांनी ऐकताना मात्र "छे हो, तसे नव्हे" असे लगेच तोंडातून निघते.

चिटणीसबाई घड्याळाकडे पाहत आहेत. आपल्या मंडळातल्या सात-आठजणी कोकमाचे आगळ, पोह्यांचे पापड, कुळथाचे पीठ घरून विकतात, त्यांच्यासाठी मंडळाचे एक पान करावयाचे ठरले आहे. चहा झाल्यावर त्यांनी थांबावे, मी वही आणली आहे. काल गिऱ्हाइकाने काय विचारले ते आठवून ठेवा. ज्यांच्याकडे अन्नपदार्थांच्या परवान्याचा चौदा आकडी नंबर आहे त्यांनी तो घरून आणून द्यावा, तोंडी सांगू नये, एक आकडा चुकतोच. आणि कोणाचे यजमान "मी सांगतो, लिहून घ्या" म्हणाले, तर त्यांना खुशाल येऊ द्यावे. त्यांच्यासाठी बाहेर ओटीवर खुर्च्या मांडल्या आहेत.