चित्ताचे स्वास्थ्य आणि घरची मिळकत



भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील डोंगराळ तालुके. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. वेळवंडी नदीवरील भाटघर धरण १९२८ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी नीरा कालव्यांतून बारामती, इंदापूरकडील उसाला मिळते. वरच्या खोऱ्यांत मात्र पावसावरचा भात हेच मुख्य पीक. कापणी उरकली की अनेक तरुण पुण्या-मुंबईची किंवा शिरवळच्या कारखान्यांची वाट धरतात. अशा घरांतील मुलामुलींच्या मनःस्वास्थ्याचा विचार मिळकतीपासून अलग करता येणार नाही.

चित्त एकाग्र करण्याची साधना महाराष्ट्राला नवी नाही. इगतपुरी येथे १९७६ साली विपश्यनेचे धम्मगिरी केंद्र स्थापन झाले. पुढे शासनाच्या ‘मित्र उपक्रमा’तून आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव, शाळांमध्ये पोहोचला. त्यास साहित्य लागत नाही, खर्चही नाही. म्हणूनच तो गरिबांच्या शाळेला परवडतो.

तथापि, त्याच्याकडून किती अपेक्षा करावी, हेही पाहिले पाहिजे. ब्रिटनमधील ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर अशाच सरावाचा प्रयोग झाला. नेहमीच्या शिकवणीपेक्षा त्याचा अधिक लाभ झाला नाही, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. दुसरे उदाहरण तामिळनाडूतील ऊस उत्पादकांचे. त्यांच्यावरील अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हाती पैसा नसताना, तोडणीपूर्वी, तेच शेतकरी विचारशक्तीच्या चाचणीत मागे पडले. तोडणीनंतर त्यांनी ती अधिक चांगली सोडविली. माणसे तीच होती; पैशाच्या विवंचनेने त्यांचे लक्ष व्यापले होते.

यातून शिक्षकांनी एक बोध घ्यावा. परीक्षा शुल्काच्या काळजीत बसलेल्या मुलास ‘तुझे लक्ष नाही’ असे म्हणण्यापूर्वी त्याच्या घरची परिस्थिती विचारावी. डोळे मिटून श्वास पाहण्याने त्याला क्षणभर विसावा मिळेल. शुल्क मात्र भरले जाणार नाही.

१९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हे मर्म ओळखले होते. ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने त्यांनी गरीब विद्यार्थ्याला श्रमाचे मोल आणि शिक्षणाची हमी एकदमच दिली. त्यांच्या नावाची अशी योजना पुणे विद्यापीठातही चालते. पुण्यास शिकावयास जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीस तिची माहिती गावातच मिळाली पाहिजे.

शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत पुढे जावेत, हे अधिकाऱ्यांचे काम. डोंगरवस्तीवरील मुलांना शाळेच्या वेळेची एस.टी. मिळावी म्हणून पाठपुरावा करणे, हे पंचायत सदस्यांचे. मनाचा भार असह्य झालेल्या तरुणास १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक सांगणे, हे सर्वांचेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा विनामूल्य आहे.

शाळेत श्वासाचा सराव अवश्य व्हावा. त्याच्या जोडीने ही कामेही वेळेवर झाली, तरच त्या सरावाला बसलेल्या मुलाचे चित्त खऱ्या अर्थाने स्थिर होईल.